डावा अंगठा

ही गोष्ट घडायला अजून पंचवीस-तीस वर्षं अवकाश आहे, पण तोवर थांबायला फुरसत कुणाला आहे?

तर खडकमाळावर हवाई दलाचं एक ठाणं होतं. माळ इतका उघडा, की सकाळी डोक्यावरून उडालेली टोपी संध्याकाळी शेजारच्या तालुक्यात सापडायची, आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर. टिटवीलासुद्धा तिथं सरळ उतरता येत नसे. ती तिरकी उतरायची आणि उतरल्यावर वाऱ्याला शिव्या घालायची. त्या माळावर नवे वैमानिक घडवायची शाळा होती, आणि त्यांची विमानं जमिनीवर सांभाळणारी माणसं घडवायचीही. वैमानिक वर जातात, त्यांचे फोटो निघतात. सांभाळणारे खाली राहतात, त्यांच्या नखांत ग्रीस राहतं.

खाली राहणाऱ्यांत वॉरंट ऑफिसर मोनिका ढेंबरे सगळ्यात जुनी. वय पंचावन्न, केस पांढरे, मूळची म्हसवडजवळच्या वाडीतली. मोनिका नावाच्या बायकाही म्हाताऱ्या होतातच की! तिच्या हातांच्या गोष्टी सांगायला लोकांना आठवडा पुरत नसे. ती टायरला टिचकी मारून हवेचा दाब सांगायची. यंत्राने मोजलं आणि फरक आला, तर यंत्र दुरुस्तीला पाठवायचे. एकदा म्हणे विमान धावपट्टीकडे निघालं, तर नुसत्या आवाजावरून तिने सांगितलं की आतल्या वैमानिकाने आज मोजे उलटे घातलेत. खरंखोटं त्या वैमानिकाला विचारावं. तो आजही त्या विषयावर बोलत नाही.

लग्न राहून गेलं होतं. बत्तीस वर्षं हँगरमध्ये गेली आणि हँगर सदा गजबजलेला, म्हणून आपलं घर रिकामं आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही. आता येत होतं. कारण हँगरमध्ये हल्ली तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं. आणि मजा बघा, तो हँगर सगळा तिच्याच हातांनी भरलेला होता.

झालं होतं असं, की सहा वर्षांपूर्वी पुण्याहून तेजल सबनीस नावाची शास्त्रज्ञ बाई आली. तिने हातमोज्यांचा एक जोड आणला होता. सापाच्या कातेसारखा पातळ, आरपार दिसणारा. सगळे त्याला 'कात'च म्हणायला लागले.

"मोनिकाताई, तुम्ही ही घाला आणि महिनाभर रोजचं काम करा. बाकीचं ती बघेल," तेजल म्हणाली.

"तिला डोळे आहेत?"

"डोळ्यांची गरजच नाही तिला."

मग तेजलने समजावून सांगितलं. हात हलवायचा तर मेंदू स्नायूंना बारीकशी वीज पाठवतो. कात ती वीज टिपून ठेवते. कुठला स्नायू, किती जोरात, किती वेळ. शिवाय कातडीवर कुठे काय लागलं आणि त्याकडे मेंदूने लक्ष दिलं की दुर्लक्ष केलं, तेही. मग तीच कात एखाद्या नवख्याला घातली, की साठवलेली वीज उलट्या वाटेने त्याच्या हातात सोडायची. हात आपसूक चालतो. दोनदा, दोनशेदा, दोन हजारदा. रानातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, तशी दीड महिन्यात त्याच्या मेंदूत वाट पडते. मग कात काढून टाकली तरी हात त्याच वाटेने जातात.

"म्हणजे दोन वर्षांचं शिक्षण दीड महिन्यात?"

"आणि तेही तुमच्या हाताचं," तेजल म्हणाली. "देशातले सगळ्यात चांगले हात शोधत आम्ही नऊ ठाणी फिरलो."

हे ऐकून मोनिकाला आतून गुदगुल्या झाल्या. आणि गुदगुल्या झाल्या की माणूस एखादी गोष्ट सांगायची विसरतो.

विसरलेली गोष्ट अशी, की देशातल्या सगळ्यात चांगल्या हातांमधलं एक बोट मेलेलं होतं.

उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं. वर्षानुवर्षं पत्र्यात रिव्हेट ठोकायची, हादरे देणारी बंदूक धरून ते बोट आधी पांढरं पडायला लागलं, मग त्याला मुंग्या यायला लागल्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. डॉक्टरला कळलं असतं तर त्याने तिला विमानापासून उचलून टेबलामागे बसवलं असतं. म्हणून कळू दिलं नाही. दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर डोळे मिटायला सांगायचा, टाचणीने एकेक बोट टोचायचा आणि विचारायचा, "हे कुठलं?" बाकीच्या बोटांचं तिला कळायचं. आणि बराच वेळ काहीच कळलं नाही, की मोनिका ओरडायची, "आई गं! हे अंगठ्याजवळचं!" बारा वर्षांत एकदाही चुकली नाही. उलट एका डॉक्टरने कागदावर शेरा मारला, की हे बोट फार नाजूक आहे, जपावं.

आणि कामात? कामात तिने त्याची सोय करून ठेवली होती. शिकाऊ विमानाच्या नाकाडात इंजिन असतं, त्यावर पत्र्याचं झाकण, आणि ते झाकण सहा खिट्ट्यांनी बंद होतं. खिट्टी पत्र्याला अगदी सपाट बसली पाहिजे. केसभर वर राहिली तर डोळ्याला दिसत नाही, फक्त बोटाला लागते. पण वरती वाऱ्याला तेवढा केस पुरतो. तो आत शिरतो, झाकण उचकटतो आणि नेऊन वैमानिकाच्या काचेवर आपटतो. म्हणून शेवटची तपासणी बोट फिरवून. मोनिका सगळ्यांना दिसेल असं उजवं बोट फिरवायची, आणि त्याच्या मागोमाग, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, डावा अंगठा. खरं काम अंगठ्याचं.

महिन्याने तेजल कात घेऊन गेली आणि तिच्यातल्या नोंदी साफसूफ करून परत आली.

"तुमच्या हातांत एक गमतीदार लुडबुड सापडली, ताई. डावा अंगठा उगाच उजव्या बोटाच्या मागे मागे फिरतो. लहान पोर पदर धरून फिरतं तसा. काढून टाकला."

मोनिकाने तोंड उघडलं. अंगठ्याचं सांगायचं तर बोटाचं सांगायला लागणार, आणि बोटाचं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या टाचण्यांचं. मग तिने स्वतःची समजूत घातली. पोरांची बोटं तर धडधाकट आहेत, त्यांना माझ्या अंगठ्याचं काय करायचंय? आणि तोंड मिटलं.

पूर्वी नवी पोरं आली की दोन वर्षं तिच्या कोपराला कोपर लावून उभी असायची. ती शिव्या द्यायची, पान्याने बोटांवर टपली मारायची, खिशातलं भडंग वाटायची. पोरं तिला घरची भांडणं सांगायची, प्रेमपत्रं वाचून दाखवायची. एकाचं तर तिनेच लिहून दिलं होतं आणि त्याचं लग्नही झालं. आता पोरं यायची, कात घालायची आणि लांबलचक टेबलांपाशी गप्प उभी राहायची. हात आपोआप चालायचे. विचारायला काही उरलंच नव्हतं. सहा वर्षांत अकराशेवर पोरं तिचे हात घेऊन गेली आणि त्यांतल्या हजारांना तिचा आवाज ओळखता आला नसता.

कधी कधी ती दुपारची त्या दालनाच्या दारात उभी राहायची. चाळीस जणांचे ऐंशी हात, सगळे तिचे. पाना उचलायच्या आधी तो तळहातावर एकदा उलटा करायचा, ही तिची लकब. चाळीस पाने एकदम उलटे व्हायचे. विमान सोडताना त्याच्या पोटावर दोन थापट्या मारायच्या, म्हशीला मारतात तशा, हीही तिचीच. तीही कातेत आली होती आणि गोड दिसते म्हणून तेजलने ठेवली होती. आरशांच्या खोलीत शिरावं आणि एकाही आरशाने आपल्याकडे बघू नये, असं मोनिकाला व्हायचं. मग ती क्वार्टरवर जाऊन एका माणसाची आमटी करायची.

तिच्याकडे फक्त एक तास उरला होता. पहिल्या दिवशीचा. तो तिने भांडून ठेवून घेतला होता, कारण त्या तासातली गोष्ट कातेत बसणारी नव्हती.

"दोन्ही हात वर करायचे आणि डोक्यावर फुली मारायची," ती सांगायची. "याचा अर्थ, थांब. इंजिन बंद कर. समोर कुणीही असो, एअर मार्शल असो नाहीतर तुमचा सासरा. आणि रांगेत एकाने फुली मारली की बाकीच्यांनी लगेच मारायची. का, ते विचारायचं नाही. आधी इंजिनं बंद, मग चौकशी. खडकमाळाचा हा कायदा आहे. कशी मारायची ती तुमच्या हाताने मारा, पण मारा."

पोरं हसायची, एकदा हात वर करून बघायची आणि दुसऱ्या दिवसापासून कातेत शिरायची.

त्या वर्षीच्या तुकडीत फरहाना मुल्ला नावाची मिरजेची पोरगी होती. एकोणीस वर्षांची, बडबडी. कातेलाही तिची जीभ बंद करता आली नव्हती. तुकडीच्या निरोपाच्या संचलनाच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या चहाला, मोनिका कँटीनमध्ये तिच्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसली होती. समोर फरहाना चहाच्या पिंपाशी उभी राहून कुणाला तरी मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. एका हातात पेला, दुसरा हात पिंपावर टेकलेला.

पिंप उकळत होतं.

"अगं ए! हात काढ! भाजतंय!"

फरहानाने वळून बघितलं. "काय भाजतंय, मॅडम?"

मोनिका उठून गेली, तिचा हात ओढून घेतला. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट. टोकाला टरारून फोड आला होता.

"अय्या," फरहाना म्हणाली, "कळलंच नाही की."

मोनिकाने तिला टेबलापाशी बसवलं, छातीवरच्या बिल्ल्याची पिन काढली.

"डोळे मीट."

"का? काही गिफ्ट आहे का?"

"हो, विमान आणलंय तुला. मीट आता."

करंगळीला टोचलं. "करंगळी," फरहाना म्हणाली. अंगठ्याला टोचलं. "आऊ, अंगठा." मग मोनिकाने ते बोट धरलं आणि पिन टोचली. रक्ताचा थेंब आला. फरहाना डोळे मिटून गालातल्या गालात हसत होती.

"टोचा की मॅडम. घाबरताय का?"

मोनिकाने आणखी तिघांना खेळ म्हणून बसवलं. तिघंही तसेच हसत वाट बघत राहिले. टोचा की, टोचा की. एकानेही फसवलं नाही. फसवायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

तिने बाहेर जाऊन तेजलला फोन लावला.

"तेजल, सहज विचारते. कात घातलेल्यांचं एखादं बोट बधिर होऊ शकतं?"

"बधिर नाही म्हणता येणार. बोट ठणठणीत असतं, मेंदू ऐकेनासा होतो," तेजल म्हणाली. "तुम्ही जोडवी घातलीत का हो कधी?"

"नाही."

"माझ्या आईचं बघा. पहिले चार दिवस जोडवी टोचतात, मग पायात आहेत हेसुद्धा कळत नाही. मेंदू ती बातमीच बंद करतो. कात बरोबर हेच शिकवते. कुठल्या बोटाचं ऐकायचं, कुठल्याचं नाही. म्हणून तर आम्ही माणूस इतका पारखून घेतला. तुमचे तपासणीचे सगळे कागद वाचलेत मी. शंभर टक्के! उलट एक बोट नाजूक म्हणून लिहिलंय." ती हसली. "का हो?"

"काही नाही. सहज."

"उद्या लवकर या हं. खानविलकर साहेब जाहीर करणारेत. कात आता सगळ्या ठाण्यांवर जाणार. सगळ्यांच्या हातात तुम्ही!"

मोनिकाने फोन ठेवला. बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. सांगितलं, तर बारा वर्षांचं खोटं उघडं पडणार. ते एक वेळ सोसलं असतं. पण कात काढून घेतील. सगळ्यांच्या हातांतून तिला पुसून टाकतील. पाना उलटा होणार नाही, विमानाला थापटी बसणार नाही. तिच्या मागे ना मूल ना बाळ, या जगात तिचं म्हणून जे काही चालतं-बोलतं होतं, ते तेवढंच. आणि नाही सांगितलं, तर उद्या सकाळी संचलनात बारा विमानं उडणार. बारांचीही झाकणं त्या बोटांनी तपासलेली. आजवर नशिबाने निभावलं होतं.

तेव्हा तिला तिच्या स्वभावाला शोभेल असा मार्ग सुचला. लबाडीचा. बारा विमानं आहेत ना? मग सकाळी आपणच हळूच अंगठा फिरवून येऊ. उद्याचं उद्या निभावेल, पुढचं पुढे बघू.

सकाळी सहा वाजता ती धावपट्टीच्या कडेला हजर. बारा विमानं ओळीत, प्रत्येकासमोर एकेक पोर ताठ उभं. मांडवात पाहुणे जमत होते, वाऱ्याने मांडवाचं कापड फडफडत होतं. मोनिका पहिल्या विमानापाशी गेली, उजवं बोट सगळ्यांना दिसेल असं फिरवलं आणि मागून अंगठा. सहा खिट्ट्या. ठीक. दुसरं. ठीक. पोरं एकमेकांकडे बघून हसली. त्यांना वाटलं, मॅडम विमानांच्या गालांवरून हात फिरवताहेत, निरोपाचा.

"आम्हालाही लावा की हात, मॅडम," एकजण पुटपुटला.

"तुला थोबाडीत लावीन," मोनिका म्हणाली आणि पुढे सरकली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिला चिडवलं होतं. तिला ते बरं वाटलं आणि त्याचंच वाईटही वाटलं.

सहाव्या विमानाच्या चौथ्या खिट्टीवर अंगठा अडला.

केसभर. डोळ्यांनी बघितलं तर काही नाही. उजव्या बोटाने बघितलं तर काही नाही. अंगठ्याला मात्र नखाएवढा डोंगर लागला. तिने दाबलं. टक्. बसली. समोरचा पोरगा सरळ समोर बघत होता. त्याने ही खिट्टी तपासली होती, अगदी तिच्यासारखी, बोट फिरवून.

सातवं. आठवं. नववं. आता ती चालत नव्हती, जवळजवळ धावत होती. आणि नवव्याची शेवटची खिट्टी होते न होते तोच भोंगा झाला. वैमानिक आपापल्या विमानात चढले होते. पोरांनी चाकांजवळच्या लाल फितीच्या पिना उपसल्या, एकेक वर धरून वैमानिकाला दाखवल्या, आणि बारा विमानांच्या पोटांवर दोन-दोन थापट्या पडल्या. चोवीस थापट्या, सगळ्या मोनिकाच्या. पंखे फिरायला लागले. आता नाकाडाजवळ जायचं म्हणजे जिवाशी खेळ.

तीन विमानं राहिली. अकराव्यासमोर फरहाना उभी होती. बोटाला पट्टी होती.

मांडवातून ठाण्याचे प्रमुख एअर कमोडोर खानविलकरांचा आवाज भोंग्यावर आला. "...आणि आज सांगायला आनंद होतो, की हे कसबी हात आता देशाच्या प्रत्येक ठाण्यावर..." तेजल पहिल्या रांगेत उभी राहून मोनिकाला शोधत होती, हात हलवून बोलावत होती. एक खुर्ची रिकामी ठेवली होती.

मोनिकाने खुर्चीकडे बघितलं. मग अकराव्या विमानाकडे. काचेमागे कॅडेटचं डोकं दिसत होतं, शिरस्त्राणात वाटाण्याएवढं.

ती ओळीच्या मधोमध चालत गेली, विमानांकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात वर करून डोक्यावर फुली मारली.

क्षणभर कुणालाच काही कळेना. भोंगा म्हणाला, "हे कोण... मोनिका? ढेंबरे मॅडम, काय चाललंय?" इंजिनं गरजत होती. वाऱ्याने तिची टोपी उडवली, ती गेली शेजारच्या तालुक्याकडे. मोनिका हात वर करून उभी होती, आणि आयुष्यात इतकी एकटी ती कधीच नव्हती.

मग अकराव्यासमोर फरहानाचे हात वर गेले. मग सातव्यासमोरच्या पोराचे. मग तिसऱ्यासमोरच्याचे. मग सगळ्यांचे. बारा फुल्या. कुणाची वाकडी, कुणाची ढिली, कुणी मुठी वळलेल्या, कुणी बोटं ताणलेली, एकाने तर घाईत कोपरांचीच फुली केली होती. एकही फुली दुसरीसारखी नव्हती. ही गोष्ट कातेने शिकवली नव्हती, तिने तोंडाने सांगितली होती.

एकेक पंखा थांबला. सगळे थांबले, तेव्हा माळावर टिटवी ओरडत होती तेवढं ऐकू आलं.

"राहिलेली तीन विमानं बघा," मोनिका म्हणाली. "डाव्या अंगठ्याने."

दहाव्यात काही नव्हतं. बाराव्यात काही नव्हतं. अकराव्यात दोन खिट्ट्या वर होत्या, शेजारी शेजारी. फरहानाने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मग बोट फिरवलं, मग पुन्हा अंगठा.

चौकशी झाली. खानविलकर साहेब म्हणाले, "बारा वर्षं खोटं बोललात तुम्ही." मोनिका म्हणाली, "हो साहेब." तेजल मात्र एकटीच भेटायला आली, डोळे सुजवून.

"अंगठा लुडबुड करत नव्हता हे सांगायचं ना, ताई."

"तू विचारायचंस ना. मेंदूतलं सगळं कळलं तुझ्या कातेला, मला एक शब्द विचारायचं नाही कळलं."

दोघींचंही खरं होतं.

मोनिकाची निवृत्ती सहा महिने अलीकडे आली. तोवर तिला ठाण्यावर राहायला सांगितलं, कारण अकराशे जणांच्या हातांतून तिला काढायचं होतं. त्यासाठी तिचेच हात पुन्हा मोजून उलटी कात बनवली. ती घातली की पडलेल्या पायवाटेवर पुन्हा गवत उगवायचं. मोनिका दालनाच्या दारात उभी राहून बघायची. पहिल्या आठवड्यात काही पाने उलटे व्हायचे थांबले. तिसऱ्या आठवड्यात एकही होईना. एक दिवस बारा विमानं सुटली आणि एकाच्याही पोटावर थापटी पडली नाही. नुसतीच गेली. मोनिका आपल्या दोन हातांकडे बघत राहिली. आता तेवढेच उरले होते.

शेवटच्या दिवशी ती चार वाजता कँटीनच्या कोपऱ्यात बसली. बॅग पायाशी, बस पाचची. समोरची खुर्ची ओढून कुणीतरी बसलं.

"मॅडम, काल चहाने बोट भाजलं!" फरहाना म्हणाली. "असलं पोळलं की मी किंचाळले. आणि मग इतका आनंद झाला, की दुसरंही भाजून घेतलं."

"मूर्ख आहेस."

"आहेच. भडंग आहे का?"

मोनिकाने पुडी काढली. दोघींनी खाल्लं. फरहाना तिच्या बहिणीच्या लग्नातलं भांडण सांगत होती, कुणी कुणाला जेवायला बोलावलं नाही ते. मोनिका ऐकत होती. घड्याळाकडे बघायचं ती दोनदा विसरली.

मग फरहानाने छातीवरच्या बिल्ल्याची पिन काढली.

"आता तुमची पाळी. डोळे मिटा."

"गप गं."

"विमान आणलंय. मिटा."

मोनिकाने डोळे मिटले, हात टेबलावर ठेवला. करंगळीला टोचलं. "करंगळी." अंगठ्याला. "अंगठा. हळू की, भवाने!" मग काही नाही. ती वाट बघत राहिली. पिंप उकळत होतं, बाहेर वारा पत्रे वाजवत होता. बराच वेळ काहीच नाही. बारा वर्षांची सवय जिभेच्या टोकावर आली, "आई गं!" तिने ती गिळली.

"नाही कळत गं मला," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी आपणहून सांगत होती. "टोचलंस का?"

"नाही."

मोनिकाने डोळे उघडले. पिन टेबलावर होती, बंद केलेली. फरहानाने ते बोट मुठीत धरलं होतं, घट्ट. केव्हापासून धरलं होतं कोण जाणे.

मोनिकाने दुसरा हात पुढे केला आणि डावा अंगठा त्या मुठीवरून एकदा हळूच फिरवला. खात्री करून घ्यायला.